मटेरियल सायन्सचा रिसर्च सोडून गणिताच्या शिक्षकांना शिकवायला जावं का?

उष्णमापक: पीएचडी धातूंमधल्या उष्णतावहनाच्या मॉडेलिंगवर, नंतर आठ वर्षं तेच, सिम्युलेशन चालवा, पेपर टाका. मध्ये एका मैत्रिणीने शिक्षक होऊ घातलेल्यांसमोर एक तास घ्यायला बोलावलं. एकीने विचारलं, सर पावणेदोन भागिले अर्धा करताना उलटं करून गुणायचं हे माहितीये, पण का? मी फळ्यावर बीजगणित मांडलं, ती म्हणाली हे चौथी-पाचवीच्या पोराला सांगू? माझी दातखीळच बसली. तेव्हापासून डोक्यात तेच, रिसर्चमध्ये मन लागत नाही. या वयात फील्ड बदलणं म्हणजे वेडेपणा का? परत डिग्री करावी लागेल का?

खडू_डस्टर: अहो नेमकं हेच गणित लिपिंग मा या गणित शिक्षणातल्या संशोधक बाईंनी शिक्षकांना घातलं होतं, 1999 मध्ये छापून आलंय. याच्यावर एक गोष्ट रचा म्हटल्यावर 23 अमेरिकन शिक्षकांपैकी एकालाच धड जमली. बऱ्याच जणांनी दोघांत वाटायची गोष्ट सांगितली, म्हणजे अर्ध्याने भागायच्या ऐवजी अर्धं केलं. तेव्हा लाजू नका.

माजी_फिजिक्सवाला: मी हे केलंय म्हणून स्पष्टच सांगतो, डिग्रीपेक्षा सवयी मोडणं जड जातं. सहा मुलांच्या मुलाखतींवर पेपर लिहायचा म्हटल्यावर मला हसू यायचं, हा कसला डेटा. मग एका मुलीने 52 − 28 = 36 केलेलं बघितलं, वर खाली न बघता मोठ्यातून लहान वजा, आठातून दोन गेले सहा, पाचातून दोन गेले तीन. पानभर तोच नियम, एकदाही चुकली नाही! ते बघितल्यावर हसणं बंद झालं. बाकी सिनिऑरिटी जाते, जुने पेपर कोणी विचारत नाही, घरी आधी बोलून घ्या. ह्यू बर्कहार्ट थिऑरेटिकल फिजिक्समधलेच, 1976 मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम युनिव्हर्सिटीच्या शेल सेंटरचे, म्हणजे गणित शिक्षणावर काम करणाऱ्या केंद्राचे, डायरेक्टर झाले, तेव्हा तुम्ही काही पहिले नाही.

खडू_डस्टर: डिग्रीचं प्रत्येक ठिकाणी वेगळं, जिथे जायचंय तिथेच विचारा. पण राजीनाम्याआधी एखाद्या वर्गात मागच्या बाकावर बसा, महिनाभर तरी, आणि कृपा करून मध्ये बोलू नका.

उष्णमापक: मध्ये न बोलणं अवघड आहे 😅 बरं, गोष्ट रचली. पावणेदोन लिटर पाणी, अर्ध्या लिटरच्या बाटल्या, साडेतीन बाटल्या भरतात. चालेल?

खडू_डस्टर: चालेल की. आता पोरगं म्हणणार, तीन बाटल्या भरून पाव लिटर उरलं, मग उत्तर सव्वातीन का नाही?

उष्णमापक: ... उद्या सांगतो.