गोसेवा पूजेपुरती नको

वसुबारसेला गाय-वासराची पूजा केली की गोसेवा झाली, असं बरेच जण मानतात, त्यात थोडी भर घालतो. गांधीजींचे सहकारी, उद्योगपती जमनालाल बजाज यांनी १९४१ साली वर्ध्यात गोसेवा संघ काढला आणि शेवटचे महिने वर्ध्याजवळच्या गोपुरीतल्या झोपडीत राहून त्याच कामाला वाहून घेतलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये ते गेले. त्यांच्यासाठी गोसेवा ही साधनाच होती. गांधीजी तर सुधारलेली पैदास, गायीचं दूध-तूप, एवढंच काय, मेलेल्या गुराचं कातडं कमावणंही गोरक्षणातच धरत. मला हे मनापासून पटतं. आमची आई रोज शेणघाण काढायची, कासेजवळचे गोचीड हाताने वेचायची, भाकड गायीपुढेही दुभतीइतकीच वैरण टाकायची. हळदकुंकू त्यानंतर.