अकरावी विज्ञानाचे इंग्रजी शब्द: पाठांतराखेरीज दुसरा मार्ग आहे का?

प्रश्न (पालक, गुहागर तालुका)

माझ्या मुलीचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून यंदा तिने अकरावी विज्ञान शाखेत प्रवेश घेतला आहे. प्रकाशसंश्लेषणाची क्रिया मराठीत विचारली तर ती न अडखळता समजावून सांगते. मात्र तोच प्रश्न इंग्रजीत आला की ‘फोटोसिंथेसिस’ या शब्दापाशीच तिची लेखणी थांबते. ती शब्दांच्या याद्या करून पाठ करते, पण त्या फार दिवस लक्षात राहत नाहीत. गावात शिकवणीची सोय नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी)

आपल्या मुलीला विषय समजला आहे, म्हणजे कठीण भाग पार पडला आहे. विज्ञानातील बहुतेक लांबलचक शब्द ग्रीक आणि लॅटिन घटकांपासून घडवलेले असतात व तेच घटक पुन्हा पुन्हा भेटतात. ‘फोटो’ म्हणजे प्रकाश आणि ‘सिंथेसिस’ म्हणजे जुळवून तयार करणे; मराठी शब्दाची बांधणीही अगदी तशीच आहे.

ओहोटीच्या वेळी तिला जवळच्या खाडीतील कांदळवनाकडे घेऊन जावे. चिखलात प्राणवायू फार कमी असल्यामुळे तिवरांची जी मुळे खुंटांसारखी वर आलेली दिसतात, त्यांना ‘न्यूमॅटोफोर’ म्हणतात. त्यात ‘न्यूमा’ म्हणजे श्वास किंवा हवा आणि ‘फोर’ म्हणजे वाहणारा. खारट जमिनीत तग धरणारी वनस्पती ‘हॅलोफाइट’, कारण ‘हॅलो’ म्हणजे मीठ आणि ‘फाइट’ म्हणजे वनस्पती. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. या प्रकाराला ‘व्हिव्हिपॅरी’ म्हणतात आणि त्यात जिवंत व जन्म देणे या अर्थांचे लॅटिन शब्द आहेत. एकदा ‘फाइट’ ओळखीचा झाला की ‘एपिफाइट’, ‘झेरोफाइट’, ‘ब्रायोफाइट’ हे शब्द पुस्तकात प्रथमच दिसले तरी त्यांचा निम्मा अर्थ तिला आपोआप लागेल. वहीत यादीऐवजी झाडाचे चित्र काढून त्यावर नावे लिहावीत, असे मी आग्रहाने सुचवेन.

उत्तर (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, मालवण)

बाईंचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. तथापि माझी अडचण मोठ्या शब्दांपेक्षा लहान शब्दांनी अधिक केली होती. ‘वर्क’, ‘पॉवर’, ‘सोल्यूशन’, ‘बेस’ हे शब्द ओळखीचे वाटतात, पण शास्त्रात त्यांचे अर्थ ठरलेले आहेत. माशांची पाटी डोक्यावर घेऊन कोणी कितीही वेळ स्थिर उभे राहिले, तरी पाटीचे विस्थापन शून्य असल्याने भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पाटीवर ‘वर्क’ झालेलेच नसते. ‘स्प्रिंग टाइड’चा वसंत ऋतूशी संबंध नाही, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येते ते आपले उधाण, आणि अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती म्हणजे ‘नीप टाइड’. याशिवाय ‘डिराइव्ह’, ‘डिस्टिंग्विश’, ‘जस्टिफाय’ ही प्रश्नपत्रिकेतील क्रियापदे तिने आधी शिकावीत, कारण नेमके काय विचारले आहे तेच उमगले नाही तर येत असलेले उत्तरही चुकते.

उत्तर (ग्रंथपाल, देवगड)

एक छोटी भर घालतो. नावामागचा इतिहास कळला की शब्द पक्का होतो. आपल्या विजयदुर्गावर ज्याची आठवण आवर्जून सांगितली जाते, त्या हीलियमचे नाव सूर्यवाचक ग्रीक शब्द ‘हेलिऑस’वरून आले आहे, कारण १८६८ साली त्याची खूण प्रथम सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात आढळली, पृथ्वीवर तो विल्यम रॅम्झी यांनी १८९५ मध्ये वेगळा केला. मराठी संज्ञा मात्र सोडू नयेत. राज्याच्या भाषा संचालनालयाने तयार केलेले भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र इत्यादी विषयांचे परिभाषा कोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. प्रत्येक धड्यातील नवी संज्ञा त्यात शोधून इंग्रजी व मराठी शब्द शेजारी-शेजारी लिहावेत आणि खाली तिने स्वतः रचलेले एक इंग्रजी वाक्य घालावे.