एड बर्क : नगरसेवकपद ५४ वर्षं, तुरुंगवास दोन वर्षं. पटतंय?

अवकाळी : शिकागोच्या १४व्या वॉर्डातून एड बर्क १९६९ साली निवडून आले, ते २०२३ पर्यंत हलले नाहीत. नगरसभेच्या अर्थसमितीच्या किल्ल्या वर्षानुवर्षं त्यांच्याच कमरेला. डिसेंबर २०२३मध्ये लाचखोरीसारख्या १४ पैकी १३ आरोपांत दोषी ठरले. सरकारी वकिलांनी दहा वर्षं मागितली, कोर्टाने दिली दोन. वर २० लाख डॉलर दंड. थट्टा आहे ही!
पुलास्की रोडवरचं बर्गर किंग घ्या. नूतनीकरण चालू असताना ड्राइव्हवेच्या परवान्यावरून काम अडवलं. का, तर मालकाने मालमत्ता कराच्या अपिलांचं काम बर्क यांच्या वकिली फर्मला द्यावं म्हणून. जुन्या पोस्ट ऑफिसच्या बिल्डरबद्दल तर फोनवर विचारतात, 'काय, ट्यूना गळाला लागला का?' म्हणजे तो फर्मचा अशील झाला का. टेपवर आहे हो सगळं.

शांताराम_इलिनॉय : आणि एफबीआयसाठी ते टेप करणारा कोण? २५व्या वॉर्डाचा डॅनी सोलिस, स्वतःच गळ्यापर्यंत अडकलेला नगरसेवक. त्याच्यावरचा खटला मागे, ऐंशीच्या म्हाताऱ्याला मात्र तुरुंग. शिवाय जानेवारी २०१९मध्ये आरोप झाले आणि पुढच्याच महिन्यात लोकांनी बर्कनाच निवडून दिलं. वॉर्डातली माणसं काय खुळी आहेत?

अवकाळी : निवडून येणं म्हणजे पापं धुऊन निघणं नव्हे. १९८३मध्ये हॅरल्ड वॉशिंग्टन पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले, तेव्हा २९ नगरसेवकांची फळी करून त्यांचा कारभार रोखण्यात हेच बर्क नगरसेवक एड व्रडॉलियाकच्या जोडीला होते. ते २९ही निवडून आलेलेच.

खडूस_काकू : तुम्ही दोघंही लाचेवरच अडलात. मला खुपतो तो कायदेशीर धंदा. दिवसा शहराचं बजेट बघायचं आणि फर्ममार्फत बड्या इमारतींचा कर कमी करून घ्यायचा. शिकागोतला ट्रम्प टॉवरसुद्धा त्यांचा अशील होता! करातून गोळा करायची रक्कम आधीच ठरलेली असते, म्हणजे टॉवरचं ओझं उतरलं की ते लहान घरवाल्यांच्या डोक्यावर. यात शिक्षा शून्य, कारण गुन्हाच नाही.

शांताराम_इलिनॉय : काकू, अशा विषयांवर ते मतदानातून बाजूला व्हायचे. कायद्यात बसतं ते केलं, एवढंच.

खडूस_काकू : मतदानातून बाजूला, समितीच्या खुर्चीतून नाही. आणि नगरसेवकाच्या होकाराशिवाय वॉर्डात परवाना हलत नाही, हा तर कायदाही नव्हता, नुसती वहिवाट. २०१९मध्ये महापौर लाइटफूट यांनी पहिल्याच दिवशी आदेश काढून ती परवान्यांपुरती मोडली. झोनिंगमध्ये, म्हणजे कुठल्या जागेवर काय बांधायचं हे ठरवण्यात, हात लावला का? नाही.