जुन्या सायकलला मोटर बसवावी का? नळ स्टॉप ते बावधनच्या निमित्ताने

(ही अनेकांच्या पत्रांतून झालेली चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव दिले आहे.)

चढावरचा

माझे घर पुण्यात नळ स्टॉपजवळ आणि कार्यालय बावधनला आहे. एका बाजूचे अंतर साधारण आठ किलोमीटर. कोथरूड डेपोपर्यंत काही त्रास नाही, परंतु तिथून चांदणी चौकाचा चढ लागला की वयाच्या चोपन्नाव्या वर्षी माझा वेग पायी चालणाऱ्याच्या बरोबरीला येतो आणि कार्यालयात शिरताना सदरा पाठीला चिकटलेला असतो. याच कारणाने मी दोन वर्षे सायकल जिन्याखाली टाकून स्कूटर वापरली.

गेल्या दिवाळीनंतर त्याच २६ इंची, गिअर नसलेल्या सायकलच्या मागच्या चाकात २५० वॉटची हब मोटर आणि कॅरिअरवर ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी बसवून घेतली. आता त्याच चढावर मी पायडल मारत पंधराच्या वेगाने जातो. बॅटरी पूर्ण भरायला अर्धा युनिटही वीज लागत नाही, म्हणजे खर्च पाच रुपयांच्या आत, आणि पायांची साथ असल्याने त्यात जाऊन-येऊन दोन दिवस सहज निघतात.

माझे मत असे की मोटर लावलेल्या सायकलची तुलना लोक साध्या सायकलशी करतात, तिथेच चूक होते. चढामुळे, वयामुळे किंवा घामामुळे ज्यांनी सायकल सोडून दिली, त्यांच्यापुढे पर्याय स्कूटरचा असतो, आणि तुलना तिच्याशीच व्हायला हवी. ज्यांच्या घरी अशी सायकल धूळ खात पडली आहे, त्यांनी नवी विद्युत सायकल घेण्याऐवजी तिलाच मोटर बसवावी.

आरे आणि रिम

तुमचे पहिले म्हणणे मला मान्य आहे, शेवटचे वाक्य मात्र अजिबात मान्य नाही. माझा आक्षेप व्यायामाचा नाही, लोखंडाचा आहे.

गिअर नसलेली सायकल ताशी बारा ते पंधरा किलोमीटरच्या हिशोबाने बनवलेली असते. तीच पंचवीसने धावू लागली की तिच्यातली गतिज ऊर्जा दुप्पट नव्हे, जवळजवळ पावणेतीन पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. शिवाय मोटर आणि बॅटरी मिळून सहा-सात किलो वजन वाढलेले असते ते वेगळेच. ही सगळी ऊर्जा थांबवायची कोणी, तर पूर्वीच्याच दोन रबरी ब्रेक-गुटक्यांनी, आणि तेही पोलादी रिमवर. पावसात ओल्या पोलादी रिमवर ब्रेक दाबून पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की पहिले काही क्षण सायकल आपले ऐकतच नाही. मोटर-बॅटरीचा संच, म्हणजे किट, विकणारा दोन तासांत मोटर बसवून देतो, पण मोटरच्या तोडीचा ब्रेक बसवायला गिऱ्हाईकही थांबत नाही आणि तोही सुचवत नाही.

दुसरी गोष्ट अॅक्सलची, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याची. हब मोटर चाकाला जितक्या जोराने पुढे फिरवते, तितक्याच जोराने स्वतःचा अॅक्सल उलट फिरवू पाहते. साध्या चाकाच्या अॅक्सलवर असा पीळ कधीच येत नाही, म्हणून फ्रेमच्या ज्या खाचेत तो बसतो, ती खाच केवळ वजन पेलण्याच्या बेताने केलेली असते. नट थोडा ढिला झाला की अॅक्सल खाचेत फिरतो, वायर पिळून तुटते, आणि मोटर पुढच्या चाकात असेल तर चाक चिमट्यातून निसटूही शकते. माझ्या परिचयातील एका गृहस्थांचे तसेच झाले. सुदैवाने ते सिग्नलवरून नुकते निघाले होते, म्हणून गुडघ्यावर भागले. अॅक्सलला धरून ठेवणारी पोलादी पट्टी, जिला टॉर्क आर्म म्हणतात, ती काही शे रुपयांत मिळते. तुमच्या सायकलला ती आहे का?

विठ्ठलवाडी

पायडल आणि मोटर यांचा हा संसार महाराष्ट्राला नवा नाही. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये लूना आणली, तेव्हा तिलाही पायडल होतेच. परंतु लूनावरून कामाला जाणारा माणूस पायडल कधी मारत असे? गाडी सुरू करताना किंवा पेट्रोल संपल्यावर. थ्रॉटल, म्हणजे पिळताच वेग देणारी मूठ, हाताशी असला की पाय आपोआप विश्रांतीला जातात, हा मनुष्यस्वभाव आहे. सहा महिन्यांनी तुमचीही सायकल ही मंद चालणारी, नंबरप्लेट नसलेली मोपेडच झालेली असेल, असे मला वाटते.

चढावरचा

थ्रॉटल मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकला, कारण तुम्ही म्हणता तसाच अनुभव मला तिसऱ्या दिवशी आला होता. आता पायडल फिरत असल्याचे सेन्सरला कळले तरच मोटर साथ देते. गणितही सांगतो. सायकल आणि मी मिळून शंभर किलो धरले, तर शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी दहाच्या वेगाने जायला केवळ चढासाठी सुमारे १३५ वॉट लागतात. माझ्यासारख्या सामान्य माणसाला तासभर टिकवता येते ती शक्ती पाऊणशे ते शंभर वॉटच्या आसपास. तेव्हा मोटर माझ्या ऐवजी काम करत नाही, उणे पडते तेवढे भरून काढते.

टॉर्क आर्म मात्र नाही. ब्रेकही जुनेच आहेत. या दोन्ही गोष्टी मला दुकानात कोणी सांगितल्या नव्हत्या, पण मीही विचारल्या नव्हत्या हे कबूल करतो.

कलम आणि पोटकलम

कायद्याचा मुद्दा कोणी मांडला नाही म्हणून लिहितो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यानुसार पायडलला साथ देणारी सायकल मोटार वाहन ठरू नये यासाठी मोटरला सलग अर्धा तास टिकवता येणारी शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी असावी लागते आणि ताशी २५ किलोमीटर गाठताच, किंवा त्याआधी पायडल थांबताच, मोटर बंद पडावी लागते. लोक हे दोन आकडे पाठ करतात आणि पुढचे विसरतात: या अटी पूर्ण होतात हे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेले असावे लागते. कंपनीतून तयार होऊन आलेल्या सायकलच्या बाबतीत उत्पादकाने ते केलेले असते. जिन्याखालच्या सायकलला बसवलेल्या किटच्या बाबतीत ते कोणी केले? गंमत अशी की तशी तपासणी करणारी एआरएआय ही संस्था तुमच्या रोजच्या रस्त्यालगत, कोथरूडच्या टेकडीवरच आहे. अपघात होऊन प्रकरण न्यायालयात गेले, तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारील. बाजारात ३५० आणि ५०० वॉटची किटेही ‘परवाना लागत नाही’ असे सांगून विकली जातात. ते उघड असत्य आहे.

युट्रेख्तहून

मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथे चढ नाही, पण समोरून येणारा वारा चढाहून वाईट असतो, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना मोटरचे मोल कोणी समजावून सांगावे लागत नाही. मर्यादा तीच, २५० वॉट आणि २५ किलोमीटर. पंचेचाळीसपर्यंत जाणाऱ्या वेगवान सायकलींना २०१७ पासून मोपेडचे नियम लागू आहेत, म्हणजे नंबरप्लेट आणि हेल्मेट सक्तीचे. तरीही मुले जाड टायरच्या सायकलींची मर्यादा बेकायदा वाढवतात आणि त्यावरून इथेही वाद पेटलेला आहे. फरक एवढाच की इथे सायकलला वेगळा मार्ग आहे. पुण्यात २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला तेव्हा मी तिथेच होतो. सुट्टीत आलो की त्या मार्गांवर लावलेल्या दुचाकी पाहतो. तेव्हा पंचवीसने जाणारी सायकल बसच्या शेजारून जाणार, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा.

दुपारची पाळी

मी परिचारिका आहे आणि धनकवडीहून ये-जा करते. दुपारची पाळी संपवून रात्री दहानंतर निघते. माझ्या दृष्टीने मोटरचा उपयोग वेगासाठी नाही. सिग्नल सुटल्यावर मागच्या गाड्यांच्या आधी चौक ओलांडता येतो, यासाठी आहे. साध्या सायकलवर डगमगत निघण्याची ती पहिली पाच सेकंदे सर्वांत धोक्याची असतात, हे सायकल सोडून दिलेल्यांना आठवत नाही.

मात्र एक अडचण इथे कोणी लिहिली नाही. मागचे चाक पंक्चर झाले की नेहमीचा पंक्चरवाला मोटर पाहून हात जोडतो. त्याला दोष देता येत नाही, वायर तुटली तर भरपाई कोण देणार? शेवटी एका वयस्क मिस्त्रींनी दाखवले की चाक खोलायचेच नाही. टायरची एक बाजू सोडवून ट्यूब बाहेर ओढायची, तिथल्या तिथे ठिगळ लावायचे आणि परत आत बसवायची. तेव्हापासून टायर सोडवायच्या दोन पट्ट्या आणि पंप माझ्या पिशवीत असतो. चाकाच्या तारा मात्र वर्षभरात तीनदा तुटल्या, आणि प्रत्येक वेळी रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्यावा लागला.

आरे आणि रिम

तारा तुटणारच. मोटरचा पीळ तारांवरच येतो आणि किटबरोबर येणारे चाक घाईत विणलेले असते. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व तारा एकदा आवळून घ्याव्यात. बॅटरी कॅरिअरवरून काढून फ्रेमच्या तिरप्या दांडीवर घेतली, तर मागच्या चाकावरचा भारही थोडा कमी होतो.

चढावरचा यांना माझी एक विनंती आहे. सपाट, रिकाम्या रस्त्यावर पंचवीसच्या वेगाने येऊन खडूच्या रेघेवर दोन्ही ब्रेक दाबा आणि किती पावलांत थांबता ते मोजा. नंतर रिमवर बाटलीभर पाणी ओतून पुन्हा मोजा.

चढावरचा

रविवारी सकाळी मोजले. कोरड्या रिमवर सतरा पावले, ओल्या रिमवर चौतीस, आणि त्या चौतीस पावलांत माझ्या मुलाने रस्त्याच्या कडेला उभी केलेली बादली मागे पडली. सोमवारी टॉर्क आर्म बसवली, पुढचा चिमटा आणि चाक बदलून डिस्क ब्रेक घेतला, आणि ब्रेक दाबताच मोटर बंद करणारी मूठही लावून घेतली. सर्व मिळून साडेपाच हजार रुपये गेले. ते किटच्या किमतीत धरले, तर नव्या विद्युत सायकलपेक्षा हे स्वस्त पडते हा माझा हिशोब बराचसा ढासळतो. आता ओल्या रस्त्यावर चौदा पावले लागतात. तपासणीचा मुद्दा तसाच शिल्लक आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.