मदत हवी आहे: मुलगा हायस्कूलमध्ये किकर आहे, कॉलेजच्या ऑफर कशा तोलायच्या?

एडिसनची_आई

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा अकरावीत आहे, २०२७ ची बॅच. नववी पुण्यात झाली, तिथे तो आपला नेहमीचा फुटबॉल खेळायचा. गेली दोन वर्षं इथल्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये किकर (बॉलला किक मारण्याचंच काम असलेला खेळाडू) आहे. सामन्यातला सर्वांत लांबचा फील्ड गोल (दोन खांबांमधून मारलेली किक) ४४ यार्डांचा, टीवरून (बॉलखाली ठेवायचा छोटा ठोकळा). किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) बहुतेक वेळा गोल लाइनपर्यंत जातो. जीपीए (ग्रेडची सरासरी) ३.८, इंजिनिअरिंग करायचंय. आम्ही अजून एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या कुटुंबाचा व्हिसा) आहोत.

सध्या तीन ठिकाणांहून विचारणा आहे. एक मोठं एफबीएस (डिव्हिजन वन या सर्वोच्च गटाचा वरचा स्तर) विद्यापीठ ‘प्रेफर्ड वॉक-ऑन’ म्हणतंय. एका एफसीएस (त्याच गटाचा खालचा स्तर) कॉलेजने तोंडी ३० टक्के स्कॉलरशिप सांगितली आहे. तिसरं डिव्हिजन थ्रीचं, इंजिनिअरिंगला नावाजलेलं. तिथला कोच नियमित मेसेज करतो. मुलाचा जीव मोठ्या स्टेडियममध्ये अडकलाय. शिवाय रोज कुठल्या ना कुठल्या कॅम्पचं आमंत्रण येतं, त्यांचं काय समजायचं? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

तिसरा_डाउन

ताई, आधी कॅम्पचं सांगतो. प्रश्नावली आणि कॅम्पची माहितीपत्रकं कुठल्याही वयाच्या मुलाला पाठवायला नियमात मुभा आहे, त्यामुळे ती हजारोंना जातात. त्यावरून कॉलेजला रस आहे असं धरू नका. रस ओळखायचा तो कोचच्या स्वतःच्या मेसेजवरून. डिव्हिजन वनमध्ये असे मेसेज अकरावीच्या १ सप्टेंबरपासून चालतात, म्हणजे तुमच्या मुलाच्या बाबतीत ती तारीख उलटून गेली आहे. ज्याने मुलाचा व्हिडिओ पाहून त्यातल्या एखाद्या किकबद्दल लिहिलं असेल, त्याच्याच जूनच्या कॅम्पला पैसे भरा. भरण्याआधी विचारा की स्पेशल टीम्सचा (किकिंगच्या डावांचा) कोच स्वतः मैदानावर उभा राहून किक्सची नोंद ठेवणार आहे का.

आता वॉक-ऑन. याचा अर्थ टीममध्ये जागा, पण खेळासाठी पैसा शून्य. पूर्वी मोठ्या टीम्समध्ये ८५ स्कॉलरशिपवाले आणि त्यांच्याखेरीज बरेच वॉक-ऑन सहज सामावायचे. जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, तिच्यात सामील झालेल्या कॉलेजांना फुटबॉलसाठी एकूण १०५ खेळाडूंची मर्यादा आली. स्कॉलरशिपची संख्या मोकळी झाली, डोकी मात्र मोजली जातात. कात्री लागते तेव्हा पहिली वॉक-ऑनवर लागते, त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या किकरवर. म्हणून थेट विचारा: “१०५ मध्ये किकर किती ठेवता? माझा मुलगा त्यात धरला आहे का?” उत्तर गुळमुळीत आलं तर ती ऑफर मनात खालीच ठेवा.

दुसरं म्हणजे त्यांच्या टीमची यादी उघडून किकर कितव्या वर्षाला आहेत ते बघा. पहिल्या क्रमांकाचा किकर दुसऱ्या वर्षात असेल तर तो अजून दोन हंगाम तिथे आहे. आणि तो संपला की आता कॉलेजं हायस्कूलचा मुलगा घेण्याऐवजी ट्रान्स्फर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) तयार किकर उचलतात, कारण त्याने गर्दीसमोर किक मारलेली असते. किकरच्या बाबतीत हा बदल फार मोठा आहे.

लाँग_स्नॅपर

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी फक्त किकबद्दल लिहितो, कारण तीनही ऑफरचं वजन त्यावर ठरेल.

४४ यार्ड टीवरून, हे कोच लगेच बाजूला ठेवतो. कॉलेजमध्ये फील्ड गोल जमिनीवरूनच मारावा लागतो. टी १९८९ पासून बंद आहे. हायस्कूलमध्ये दोन इंचांपर्यंत टी चालते. त्या दोन इंचांमुळे पाय बॉलच्या खाली सहज जातो; जमिनीवरून तोच मुलगा बॉल कमी उंचीवर मारतो आणि तो लाइनमनच्या (समोरच्या रांगेतल्या खेळाडूंच्या) हातांत अडकतो. सरावातून टी आजच काढून टाका, सामन्यातही वापरू नका. पहिले काही आठवडे अंतर कमी झाल्यासारखं वाटेल. तेव्हा जोर वाढवायचा मोह टाळा; टेकवायचा पाय बॉलच्या किती बाजूला आणि किती मागे पडतो ते रोज त्याच कोनातून व्हिडिओवर तपासा.

खांबही अरुंद होतात. हायस्कूलमध्ये दोन खांबांमधलं अंतर २३ फूट ४ इंच, कॉलेजमध्ये १८ फूट ६ इंच. जवळजवळ पाच फूट गेले! शाळेत जेमतेम आत गेलेली किक तिथे बाहेर आहे. किकऑफ शाळेत ४० यार्डांच्या रेषेवरून होतो, कॉलेजमध्ये ३५ वरून. म्हणजे गोल लाइनपर्यंतचा बॉल तिथे पाच यार्ड तोकडा पडणार. ६५ यार्ड आणि हवेत ४ सेकंद, हे लक्ष्य ठेवा.

व्हिडिओत फक्त यशस्वी किक्स जोडू नका. सलग दहा किक्स, न कापता, चुकलेल्या धरून. कॅमेरा मागून, बॉल खांबांपलीकडे जाईपर्यंत. स्क्रीनवर अंतर आणि ‘जमिनीवरून’ हे शब्द. सामन्यातल्या किक्समध्ये स्नॅप (बॉल मागे फेकणं) ते किक १.३ सेकंदांच्या आत आहे का तेही मोजा. त्याहून जास्त लागत असेल तर होल्डरबरोबरचा (किकसाठी बॉल धरणारा) सराव कमी पडतोय.

एडिसनची_आई

टीचा मुद्दा आम्हाला कोणीच सांगितला नव्हता. मनापासून आभार. एच-४ मुळे स्कॉलरशिपला अडचण येते का? आणि नववीची पुण्याची मार्कशीट लागेल का?

पार्सिपनीकर

ताई, मार्कशीट लागेलच, आणि हे काम सगळ्यात आधी करा. एनसीएएच्या (कॉलेज खेळांची नियामक संस्था) एलिजिबिलिटी सेंटरला (खेळाडूंची पात्रता तपासणारं कार्यालय) नववीपासूनच्या प्रत्येक वर्षाची कागदपत्रं लागतात. डिव्हिजन वनसाठी १६ कोअर कोर्सेस (पात्रतेसाठी धरले जाणारे मुख्य विषय) हवेत: इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, समाजशास्त्र २, इंग्रजी-गणित-विज्ञानापैकी आणखी १ आणि इतर ४. त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण लागतात, त्या दहांपैकी ७ इंग्रजी, गणित आणि विज्ञानाचे. या दहांचे ग्रेड तिथेच गोठतात, बारावीत पुन्हा घेऊन सुधारत नाहीत. म्हणजे तुमच्याकडे फक्त हे चालू वर्ष आहे. तुमच्या मुलाला या विषयांत किमान २.३ जीपीएच्या अटीची काळजी नाही. पेच येईल तो नववीचे विषय कोअर म्हणून धरले जातात की नाही यावर. काउन्सेलरकडून शाळेची मंजूर कोर्सची यादी घ्या आणि एकेक विषय ताडून पाहा.

स्कॉलरशिप ही नोकरी नाही, त्यामुळे एच-४ वर ती घेता येते. कमाई मात्र वेगळी. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे मिळवता येतात, पण एच-४ वर काम करायची परवानगी नसते आणि पुढे एफ-१ वरही (विद्यार्थी व्हिसा) बंधनं आहेत. कोणी कोच या पैशाचं आमिष दाखवत असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय एका इन्स्टा पोस्टचेही पैसे घेऊ नका. २१ पूर्ण झाले की एच-४ संपतो, हेही चार वर्षांच्या हिशोबात धरा. सरकारी आर्थिक मदतीसाठी एच-४ पात्र नाही, म्हणून कॉलेज स्वतःच्या निधीतून काय देतं हा तुमचा खरा प्रश्न आहे. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसते, पण गुणवत्तेवर मिळते. व्हिसावरच्या मुलांना ती देतात का, हे त्या कोचमार्फत ॲडमिशन ऑफिसला विचारा. तो कोच अर्ली डिसिजनचा (लवकर करायच्या अर्जाचा) आग्रह धरेल. तो अर्ज प्रवेश मिळाल्यास तिथेच जायला बांधून घालणारा असतो. आकडा कळल्याशिवाय सही नको.

तिसरा_डाउन

३० टक्क्यांबद्दल राहिलं होतं. तोंडी ऑफर दोन्ही बाजूंना बांधत नाही. कोच बदलला तर ती बहुधा हवेत विरते. लेखी ऑफर बारावीच्या १ ऑगस्टपासून देता येते, तेव्हा तीन गोष्टी विचारा: ३० टक्के कशाचे, फक्त फीचे की राहण्या-जेवणाचेही? एका वर्षापुरते की चार वर्षांचे? पहिला किकर झाल्यावर वाढतात का? एका वर्षाची असेल तर पुढच्या वर्षी चालू ठेवणार की नाही ते कॉलेजला १ जुलैपर्यंत कळवावं लागतं.

मुलाला स्टेडियम भुरळ घालतंय ते अगदी स्वाभाविक आहे, ऑफिशियल व्हिजिटची आखणीच त्यासाठी असते. दिवे लावलेली लॉकर रूम, त्याच्या नावाची जर्सी, फोटोग्राफर. त्या भेटीतला एक तास मागून घ्या. दुसऱ्या क्रमांकाच्या किकरशी मुलाला एकट्याने बोलू द्या, कोच जवळ नसताना. त्याला विचारायचं: बाहेरगावच्या सामन्यांना तुला नेतात का, सरावात तुझ्या किक्स कोण बघतं, आणि दुपारच्या इंजिनिअरिंग लॅब तू कशा बसवतोस?

एडिसनची_आई

सोमवारी काउन्सेलरची वेळ घेतली आहे. एफसीएसच्या कोचला तीन प्रश्नांची ईमेल आज लिहितेय. विषयात ‘किकर, २०२७, न्यू जर्सी, जीपीए ३.८’ एवढं पुरेल का?

लाँग_स्नॅपर

पुरेल. पण ती थोडी थांबवा. जमिनीवरून सलग दहा किक्सचा नवा व्हिडिओ तयार झाला की तो ईमेलमध्ये सगळ्यात वर टाका, प्रश्न त्याखाली.