मदत हवी आहे: मोपा आणि दाबोळी, गाडी एक, पाहुणे दोन

नमस्कार मंडळी. घोळ माझाच आहे, आधीच कबूल करतो.

शनिवारी फोंड्याला आमच्या घरी पुतण्याची मुंज. आदल्या दिवशी मुंबईहून आत्या आणि बंगळूरहून काका येतायत. तिकिटं मीच काढली. दोन्हीकडे 'गोवा' वाचलं आणि पैसे भरून मोकळा झालो. काल प्रिंट काढताना बघतो तर आत्या ११.२० ला मोप्याला उतरतेय, काका १.३० ला दाबोळीला! गोव्यात विमानतळ दोन: एकाचा कोड जीओएक्स, दुसऱ्याचा जीओआय. फरक शेवटच्या एका अक्षराचा. आणि गाडी चालवणारा मी एकटा.

नेटवर दोन विमानतळांमधलं अंतर पाहिलं. म्हणे ४० किमीच्या आसपास, उड्डाणाला अर्धा तास. अहो, या दोघांमध्ये विमान जातं कुठे? मला रस्ता हवाय. धारगळ, म्हापसा, पर्वरी, पणजी, झुआरी पूल, कुठ्ठाळी असे ६०-६५ किमी धरलेत. दुपारी वेळ किती लागतो? रोज जाणाऱ्यांनी सांगा.

दुसरं म्हणजे आत्याला काय सांगू? तिने हिशेब मांडलाय: मुंबई-मोपा हवाई अंतर साधारण ३९० किमी, विमानाचा वेग ताशी ८००, म्हणजे अर्धा तास. तिकिटावर मात्र सव्वा तास. "उरलेला पाऊण तास ते विमान करतं काय रे?"

---

म्हापशाहून लिहितोय. आत्यांना सांगा, तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि इथे जागेवर उभं राहिलं की संपते. मुंबईत धावपट्टीपर्यंत रांगत जायचं, पुढच्यांची रांग संपेपर्यंत थांबायचं. उडाल्यावरही ८०० चा वेग वर पोचल्यावरच, आणि इतक्या जवळच्या प्रवासात वर पोचेतो खाली यायची तयारी सुरू. शिवाय उशीर झाला तर सांभाळून घ्यायला कंपन्या थोडी वेळ पदरी ठेवतातच.

रस्त्याचं म्हणाल तर दीड तास धरा, पर्वरीत अडकलात तर दोन. बॅगा घेऊन आत्या बाहेर येईपर्यंत बारा वाजतील. त्यात तुमचा दिवस शुक्रवार, म्हणजे म्हापशाचा बाजार! दोघांपैकी एकाला टॅक्सीने येऊ दे. वयस्कर माणसाला मोपा-दाबोळी-फोंडा असं फिरवू नका.

---

आभारी आहे. पाऊण तासाचं आत्याला पटलं, 'रांगत जातं' यावर हसलीसुद्धा. पण बाजाराचंही मी बोलून बसलो. आता मोयऱ्याची केळी घेतल्याशिवाय म्हापसा सोडणार नाही म्हणते. टॅक्सी काकांना सांगतोय. दाबोळीहून वेर्णा-बोरीमार्गे फोंडा, त्यांना तसंही तेच जवळ.