प्रतिसाद: दोघे एकाच मापाने मोजता येत नाहीत

'ख्रिस्ती धर्म मुळात न मानणारा काय आणि मानून सोडणारा काय, चर्चच्या दृष्टीने दोघे सारखेच' हे विधान पटलं नाही. बायबलच्या नव्या करारातल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (अध्याय २) उलटंच आहे: नीतीचा मार्ग कळून मागे फिरण्यापेक्षा तो कळलाच नसता तर बरं झालं असतं.

प्रत्यक्षातला फरक इ.स. २५० मध्ये दिसतो. रोमन सम्राट डेशियसने हुकूम काढला की सगळ्यांनी रोमच्या देवांना बळी अर्पण करून दाखला घ्यावा. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडलेत. मजकूर ठरावीक, अगदी सरकारी: मी देवांना नेहमीच बळी देत आलोय, आत्ताही तुमच्यासमोर दिला, नैवेद्य चाखला, कृपया तसं लिहून द्यावं. खाली साक्षीदारांच्या सह्या. काही ख्रिस्त्यांनी खरंच बळी दिला, काहींनी तर बळी न देताच पैसे चारून कागद मिळवला (हे आपल्याला वेगळं सांगायला नको!).

ख्रिस्त्यांचा हा छळ ओसरल्यावर हीच मंडळी परत चर्चच्या दारात. जन्मभर मूर्तिपूजक असलेल्याला बाप्तिस्म्याने (पाण्याने ख्रिस्ती धर्मात घेण्याच्या विधीने) सगळी पापं माफ. यांचा बाप्तिस्मा तर होऊन गेलेला, आणि तो दुसऱ्यांदा देत नाहीत. मग करायचं काय? उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, प्रायश्चित्त घ्या. तेही नुसता कागद घेतलेल्यांना सौम्य, बळी दिलेल्यांना कडक. रोममधल्या नोव्हेशियन या धर्मगुरूला प्रायश्चित्तानंतर त्यांना परत घेणंही मान्य नव्हतं. त्याने वेगळी चूल मांडली.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा ३३७ मध्ये, मरायला टेकल्यावर घेतला. त्यामागे हाच हिशेब असावा असं मला वाटतं: बाप्तिस्मा एकदाच मिळतो, मग सगळी पापं धुऊन निघायला तो शेवटीच घ्यावा.